एलटीएसपी: सर्व्हरवर टाकलेले सॉफ्टवेअर क्लायंटवर दिसत नाही

लॅबशिक्षक: नमस्कार. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरवर एलटीएसपी (एका सर्व्हरवरून अनेक यंत्रे चालवण्याची प्रणाली) बसवलेले असून हार्डडिस्क नसलेली यंत्रे, म्हणजे क्लायंट, नेटवर्कवरून सुरू होतात. काल सर्व्हरवर जीकॉम्प्रिस हे मुलांसाठीचे शैक्षणिक सॉफ्टवेअर टाकले. तेथे ते नीट चालते, पण मुलांच्या यंत्रांवर मेनूत दिसतही नाही. एका यंत्रावर थेट इन्स्टॉल केले, तर ते यंत्र पुन्हा सुरू करताच नाहीसे झाले. प्रत्येक यंत्रावर टिकेल असे सॉफ्टवेअर कसे टाकावे?

कर्नेलकट्टा: सर, यंत्रागणिक टाकण्याची गरजच नाही. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीत क्लायंट सहसा सर्व्हरच्या डिस्कवरून बनवलेल्या स्क्वॉशएफएस इमेजवरून (डिस्कच्या दाबून लहान केलेल्या प्रतीवरून) सुरू होतो, आणि ती इमेज केवळ वाचता येते. होम फोल्डर सोडून क्लायंटवर केलेला बदल रॅममध्येच राहतो, म्हणून यंत्र बंद होताच तो जातो. सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकून झाले की तेथेच ‘सुडो एलटीएसपी इमेज /’ हा आदेश द्या आणि क्लायंट पुन्हा सुरू करा. शेवटची तिरपी रेघ गाळू नका. सर्व्हरच्या मूळ डिरेक्टरीपासून इमेज बनवायची, असे तीच सांगते. इमेज बनायला बराच वेळ लागतो, त्यामुळे हवे ते सगळे आधी टाकून घ्यावे आणि शाळा सुटल्यावर एकदाच हे काम करावे.

जुनाटर्मिनल: एक भर घालतो. एलटीएसपी ५ या आधीच्या आवृत्तीत थिन क्लायंटचे (केवळ पडदा आणि कीबोर्डपुरत्या वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्राम सर्व्हरवरच चालत, आणि सगळा वर्ग ब्राउझर उघडून बसला की सर्व्हरची रॅम संपत असे. आता प्रोग्राम क्लायंटच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतो. त्यामुळे सर्व्हर कितीही दणकट असला तरी १ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर जीकॉम्प्रिस रखडेल. अशा यंत्रांपुरता एक्सआरडीपी या दूरस्थ डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरने सर्व्हरचाच डेस्कटॉप दाखवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

लॅबशिक्षक: इमेज नव्याने बनवली आणि जीकॉम्प्रिस दिसू लागले. मात्र आज सर्व्हरवर उघडलेल्या नव्या विद्यार्थ्यांच्या खात्यांनी क्लायंटवर लॉगिन होत नाही, जुनी खाती चालतात.

कर्नेलकट्टा: खात्यांची माहिती इमेजमधून नव्हे, तर सुरुवातीलाच पाठवल्या जाणाऱ्या एका लहान फाइलमधून क्लायंटकडे जाते. ‘सुडो एलटीएसपी इनिटआरडी’ द्या आणि यंत्रे पुन्हा सुरू करा. हे काम क्षणभराचे आहे, इमेज बनवण्याची आवश्यकता नाही.