‘लस दोन दिवसांत झाली’ हे अर्धसत्य आहे

सायली_पुणे: काल इथेच कुणीतरी लिहिलं, "मॉडर्नाची कोविडची लस दोन दिवसांत कॉम्प्युटरवर झाली. उंदीर, माकडं, प्रयोगशाळा हा सगळा वेळकाढूपणा." वाचून डोकं उठलं. ११ जानेवारी २०२० ला विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला आणि १३ तारखेला लसीचा क्रम ठरला, हे खरं. पण स्पाइकमध्ये, म्हणजे विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनात, दोन प्रोलिन (एक अमिनो आम्ल) घातले की ते मूळ आकारात टिकतं, हे मर्स या त्याच कुळातल्या विषाणूच्या स्पाइकवर खपून आधीच शोधलेलं होतं. २०१७ साली छापूनही आलं. आणि नंतरची ३० हजार माणसांवरची चाचणी?

निरंजन०७: ते मीच लिहिलं होतं. शब्द चुकला असेल, मुद्दा नाही. दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये स्कायकोव्हिओन ही कोविडची लस मंजूर केली. तिचा कण निसर्गात कुठेच नाही, सिॲटलला डेव्हिड बेकरांच्या संस्थेत तो संगणकावर बेतला. प्रथिनं आपोआप जुळून गोळा होतो, वर स्पाइकचे ६० तुकडे. २०२४ चं नोबेल बेकरांना उगाच मिळालं का?

सायली_पुणे: मंजूर झाली ती उंदीर, माकडं, माणसं याच वाटेने! शेवटच्या टप्प्यात तिची तुलना ऑक्सफर्डच्या लसीशी झाली, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्या मूळ लसीशी. ही चाचणी कॉम्प्युटरवर नाही झाली.

बालरोग_कराड: पावसाळा आला की आमच्याकडे दोन-तीन महिन्यांची बाळं धापा टाकत येतात, बरगड्या आत ओढलेल्या. बरेचदा आरएसव्हीच असतो, बाळांच्या श्वासमार्गाला ग्रासणारा विषाणू. १९६६ मध्ये अमेरिकेत फॉर्मालिनने मारलेल्या याच विषाणूची लस बाळांना दिली. पुढे त्यांना खरा संसर्ग झाला तेव्हा त्यातल्या ८० टक्क्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, दोघं गेली. २०१३ मध्ये विषाणूला पेशीत शिरवणाऱ्या एफ प्रथिनाची रचना समोर ठेवून, त्याचा आकार टिकवायला कुठली पोकळी भरायची, कुठे गंधकाचा टाका (दोन भाग बांधणारा बंध) घालायचा हे ठरलं, तेव्हा वाट सापडली. तरी शंभराहून जास्त रूपं प्रयोगशाळेत करून बघावी लागली. लशी आल्या २०२३ ला. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

एमएस्सी_मायक्रो: मूळ दुखणं वेगळंच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा प्रकल्प ‘इन-सिलिको लस’, म्हणजे फक्त संगणकावरची. विषाणूचे तुकडे निवडायचे, मध्ये एएवाय हा अमिनो आम्लांचा दुवा जोडायचा, वॅक्सिजेन या संगणकी प्रोग्रॅमचा आकडा ०.४ च्या वर आला की ‘आशादायक लस’ लिहून पेपर. सरांना म्हटलं, निदान ई. कोलाय या जिवाणूत प्रथिन करून बघू. "पैसे कुठून आणू?" चार महिने गेले. असे पेपर ढिगाने निघाले, उंदरापर्यंत किती पोचले?

प्राध्यापक_तालुका: सरांना नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या कॉलेजात उणे वीसचा एकच फ्रीजर. मे महिन्यात रात्रभर वीज गेली आणि सकाळी दार उघडलं तर सगळे एन्झाइम पाण्यात. वर्षाचं अनुदान एका रात्रीत गेलं. मुलांना लॅपटॉपवर काही शिकवलं तर तेही पाप?

एमएस्सी_मायक्रो: शिकवा ना! पण त्याला लस म्हणू नका. मुलाखतीत मला विचारलं, "प्रथिन विरघळलं का?" मी गप्प, ते बनवलंच नव्हतं.

निरंजन०७: हे मला माहीत नव्हतं. ‘वेळकाढूपणा’ हा शब्द मागे घेतो. बाकी काही नाही. आराखड्याचा वेळ वाचला, हे तुम्हीही नाकारलेलं नाही.

सायली_पुणे: आराखड्याचा वाचला. एवढंच.

प्राध्यापक_तालुका: मुलाखतीचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या प्रकल्पांच्या शीर्षकातला ‘लस’ शब्द यंदा काढतो.

एमएस्सी_मायक्रो: धन्यवाद सर. माझा तो क्रम अजून लॅपटॉपवर आहे. कुणाकडे ई. कोलाय आणि चालू फ्रीजर असेल तर सांगा, लगेच पाठवते. विरघळतं का, एवढं तरी कळू दे.