जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, मग आपल्याला का नाही?

मुठाकाठ:
जर्मन संसदेने केलेली नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती 27 जून 2024 पासून लागू झाली. जर्मन होताना मूळ देशाचं नागरिकत्व सोडायची अट गेली. माझी मुलगी म्युनिकला नोकरी करते. तिची अडचण मात्र तशीच आहे, कारण आता आडवा येतोय तो आपला कायदा. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 : स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीयत्व संपलं. मग उरतं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना आपलं सरकार देतं ते. त्यावर मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. संसदेने हे कलम बदलायलाच हवं.

पर्वती पायथा:
साफ विरोध. इथे निवडून आलेल्यांचे निर्णय आम्ही भोगायचे आणि मत म्युनिकहून येणार?

मुठाकाठ:
20 वर्षं दुबईत राहिलेला भारतीय पासपोर्टवाला लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीमुळे इथे येऊन मत देऊ शकतोच की. राहण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

पर्वती पायथा:
त्याने दुसऱ्या देशाशी निष्ठा जाहीर केलेली नाही. तुमची मुलगी ती करणार. उद्या दोन देशांचं हित एकमेकांविरुद्ध गेलं तर? मला तिच्यावर शंका घ्यायची नाही, पण कायदा एका मुलीसाठी होत नसतो. शिवाय घटनेतही कलम 9 आहे.

नवी पेठ:
घटनेतलं कलम 9 राज्यघटना लागू होण्याआधी परकं नागरिकत्व घेतलेल्यांपुरतं आहे. पुढचे अधिकार कलम 11 ने संसदेला दिलेत. घटना आड येत नाही, इच्छा हवी.

बाणेरकर:
ताई, दुहेरी नागरिकत्वाला माझाही विरोध आहे, पण ओसीआयवाल्यांचे हाल खरे आहेत. अमेरिकेत जन्मलेली, बाणेरच्या शाळेत दहावी-बारावी केलेली मुलं माझ्या सोसायटीत आहेत. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने त्यांना 'नीट'मध्ये फक्त एनआरआय जागांवर ढकललं. त्याआधी कार्ड काढलेल्यांना 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने वाचवलं, नंतरच्यांना नाही. एका अधिसूचनेने हक्क जातात, कारण नागरिकत्व कायद्याच्या कलम 7ब मध्ये ते सरकारच्या अधिसूचनेवर सोडलेत. कलम 9 ला हात न लावता शिक्षण आणि नोकरीचे हक्क थेट कायद्यात लिहा.

पर्वती पायथा:
याला माझा पाठिंबा. मत सोडून.

मुठाकाठ:
मला पुरेसं नाही. तिला सवलत नकोय, नागरिकत्व हवंय.