८ टीबीची एकच की दोन?
लग्नाच्या शूटिंगचा सगळा डेटा ८ टीबीच्या एकाच हार्ड ड्राइव्हवर टाकू का, असं विचारलंयस. भावा, एकच नको! कंपनी कुठलीही असो, ड्राइव्ह कधीतरी जातेच. ४ च्या दोन घे, दोन्हींत तोच डेटा ठेव.

८ टीबी म्हणजे ३.५ इंची, विजेसाठी वेगळा अडॅप्टर लागणार. २.५ इंची नुसत्या यूएसबीवर चालते, पण मोठ्या क्षमतेत त्या बहुतेक एसएमआर असतात. म्हणजे चकतीवरचे डेटा लिहायचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, त्यामुळे लिहिणं मंदावतं. ४०० जीबी एकदम ओतलंस की आधी पळते, मग रांगते. ती बिघडलेली नसते, रात्री कॉपीला लावून झोप.

नवी आणली की आधी पूर्ण भरून बघ, मग क्रिस्टलडिस्कइन्फो लाव, ते ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा) शून्याच्या वर दिसला तर सरळ बदलून माग. (४ टीबीची ३.६३ दिसते ती मोजणीमुळे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या; दुकानदाराशी भांडू नको.)

आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात माझं शाहूपुरीतलं तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं. ड्राइव्ह उघडली तर आत नुसता गाळ. दुसरी राजारामपुरीत ताईकडे होती, म्हणून गिऱ्हाइकांना तोंड दाखवता आलं.