रसायनरोधक की रसायनसह? यंत्रावरच्या इशाऱ्याच्या लेबलांची भाषा

प्रश्न, अनुवाद करणारीकडून

सुटे भाग धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. आत कॉस्टिकचं (म्हणजे तीव्र अल्कलीचं) गरम पाणी, बाहेरून पुसायला सॉल्व्हंट (तेलकटपणा विरघळवणारा द्रव). एका वाक्याचा अर्थ असा, की यंत्रावरची सगळी 'वॉर्निंग लेबलं' 'ड्युरेबल' आणि 'केमिकल रेझिस्टंट' हवीत. मी लिहिलं, 'धोक्याची सूचना देणारी लेबले टिकाऊ व रसायनरोधक असावीत.' कानाला बरं वाटलं. पण तपासणाऱ्यांनी पानाच्या समासात प्रश्न टाकलाय : 'लेबल रसायन अडवतं का?' मला उत्तर सुचलं नाही. शिवाय डेंजर, वॉर्निंग, कॉशन हे तीन शब्द तीन रंगांत आहेत आणि मी तिन्हींना 'सावधान' करून मोकळी झाले आहे. तेही पकडलं जाणारच.

प्रतिसाद १

शंका रास्त आहे. रोधणं म्हणजे अडवणं. जलरोधक कापड पाणी पलीकडे जाऊ देत नाही, उष्णतारोधक थर उष्णता जाऊ देत नाही. भट्टीच्या आतल्या विटेला मात्र उच्चतापसह म्हणतात, कारण तिचं काम ताप सोसून जागच्या जागी राहायचं. दोन गुण वेगळे आहेत. चांगली उष्णतारोधक वस्तू भट्टीत जळून जाऊ शकते, थर्माकोल आठवा. तुमच्या लेबलाला रसायन सोसायचं आहे, म्हणून 'रसायनसह'.

अनुवाद करणारी

पण 'रसायनसह लेबल' वाचून कुणाला वाटेल, रसायनासोबत लेबलही मिळणार.

प्रतिसाद १

सोबत मिळणार असेल तर 'रसायनासह'. मराठीत सामान्यरूप आपली लाज राखतं. फरक एका कान्याचा आहे, हे कबूल. मुद्रितशोधकाला बजावून ठेवा.

प्रतिसाद २, स्क्रीन प्रिंटिंगवाला

मी लेबलंच छापतो म्हणून मध्ये बोलतो. तुमचे दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण एकाच वस्तूला लागू नाहीत.

पॉलिएस्टरच्या फिल्मवर शाई छापली आणि वर पारदर्शक लॅमिनेशन चढवलं, तर ते लॅमिनेशन रोधक. सॉल्व्हंट शाईपर्यंत पोचू न देणं हेच त्याचं काम. दुसरा प्रकार उलट छपाईचा : पारदर्शक फिल्मच्या मागच्या बाजूने आरशातल्यासारखं उलटं छापायचं, म्हणजे फडकं घासलं जातं फिल्मवर आणि अक्षरं सुरक्षित मागे. तिथे फिल्मच रोधक. पण फिल्म स्वतः रसायनसह नसेल तर ती आधी मरते. पॉलिकार्बोनेटवर अ‍ॅसिटोन पडलं की ते पांढरं पडतं, तडकतं. विनाइल अ‍ॅसिटोनने फुगतं. पॉलिएस्टर या बाबतीत पुष्कळ सोशिक.

आणि रोधक म्हणावं तरी दार उघडंच असतं : कड. कापलेल्या कडेतून सॉल्व्हंट आत शिरतो आणि डिंक मऊ करतो. म्हणून लॅमिनेशन छपाईपेक्षा चहूबाजूंनी थोडं बाहेर ठेवतात, म्हणून कोपरे गोल मारतात. टोकदार कोपरा फडक्याला अडकतो आणि लेबल तिथूनच सुटायला लागतं.

तुमच्या वाक्यातला खरा खड्डा 'रसायन' या शब्दात आहे. कुठलं रसायन? गरम कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, तेव्हा अ‍ॅनोडाइज केलेली, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची पाटी तिथे चालणार नाही. एरवी तेल आणि सॉल्व्हंटपुढे ती उत्तम, कारण रंग अ‍ॅनोडाइज थराच्या छिद्रांत बसतो आणि छिद्रं नंतर बंद करतात. गरम कॉस्टिकपुढे पॉलिएस्टर आणि पॉलिकार्बोनेटही हळूहळू खराब होतात. कॉस्टिक उडणाऱ्या झाकणावर मी खोदकाम केलेली स्टेनलेस स्टीलची पाटी द्यायला सांगेन. खाचेतला रंग गेला तरी अक्षर उरतं. आणि मग तिला लेबल म्हणू नका. लेबल चिकटवतात, पाटी ठोकतात.

प्रतिसाद ३, देखभालीकडून

'टिकाऊ'वरही कुणीतरी बोला. तो शब्द काहीच मागत नाही, त्यामुळे पुरवठादाराला फार आवडतो. आमच्याकडे एकदा यंत्राबरोबर आलेली लेबलं तीन महिन्यांत गेली. तक्रारीत मी लिहिलं, 'लेबलं टिकली नाहीत.' उत्तर आलं, 'लेबलं टिकाऊच आहेत.' झालं, संवाद संपला.

चूक माझीही होती. 'गेलं' म्हणजे काय झालं ते मी लिहिलंच नव्हतं. मराठीत त्यासाठी एकेक क्रियापद तयार आहे आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. रंग *विटला* असेल तर ऊन. अक्षर *पुसलं* गेलं असेल तर घासणं, शाई उघडी होती. शाई *ओघळली* किंवा *पसरली* तर सॉल्व्हंट. फिल्म *फुगली* तर तिचं आणि सॉल्व्हंटचं जमत नाही. कोपरा *सुटला* तर डिंक किंवा खालचा पृष्ठभाग. शाईचे *पोपडे* निघाले तर शाई फिल्मला धरलीच नव्हती. आमचं लेबल सुटलं होतं. तेलकट पत्र्यावर चिकटवलं आणि त्याच दिवशी यंत्र धुतलं.

प्रतिसाद २

सुटणारच! अ‍ॅक्रिलिक डिंक लावताक्षणी पूर्ण धरत नाही, साधारण २४ ते ७२ तास घेतो. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कोरडा होऊ द्यायचा, मधून कडेकडे दाबत न्यायचं. 'चिकटणे' आणि 'धरणे' यांतला फरक हाच. पॉलिप्रोपिलीनच्या झाकणावर तर साधा डिंक चिकटतो पण धरत नाही. तसल्या प्लास्टिकसाठी डिंक वेगळा मागावा लागतो.

प्रतिसाद १

'टिकाऊ'च्या जागी चाचणी लिहा. घरगुती विजेच्या उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ मानकात पद्धत साधी आहे : पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद हाताने चोळायचं, मग पेट्रोलियम स्पिरिटात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद. त्यानंतर मजकूर सहज वाचता यावा, लेबल सहज निघू नये, कडा वळू नयेत. मानक तुमच्या यंत्राचं नाही, वाक्याचा साचा मात्र घेण्यासारखा आहे. स्पिरिटाच्या जागी तुमचा सॉल्व्हंट घाला.

आता ते तीन शब्द. अमेरिकी एएनएसआय झेड ५३५.४ मानकात डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा *होईलच*. वॉर्निंग म्हणजे तेच, पण *होऊ शकते*. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा. मी 'धोका', 'सावधान', 'जपून' घेईन.

प्रतिसाद ३

'इशारा' का नको?

प्रतिसाद १

पुस्तिकेतल्या प्रकरणाला चालेल. यंत्रावर नको. इशारा हातवाऱ्याचाही असतो आणि आंदोलनाचाही. 'सावधान' समोरच्याला थेट हाक मारतं. 'खबरदार' मुळीच नको, त्यापुढे आपोआप 'हात लावलास तर' ऐकू येतं. 'धोका' मराठीत चोख बसतो, पण वाचणाऱ्यांत हिंदीभाषक असतील तर त्यांना तिथे फसवणूक दिसेल. त्यांचा शब्द खतरा. चित्र लागतं ते म्हणूनही.

अनुवाद करणारी

पण 'सावधान' आणि 'जपून' यांत कोण वरचढ, हे शब्दावरून कसं कळणार?

प्रतिसाद १

कळत नाही. पहिल्या पानावर तिन्हींची व्याख्या द्यावीच लागेल.

प्रतिसाद २

आणि रंगावर फार विसंबू नका. उन्हात काळं शाबूत राहतं आणि हलक्या शाईचं नारिंगी फिकटत पिवळसर दिसायला लागतं. म्हणजे वॉर्निंगचं कॉशन झालं! बाहेर ठेवायच्या यंत्राला उन्हात टिकणारी शाई वेगळी मागा.

देवनागरीची एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. उघड्या शाईत सगळ्यात आधी अनुस्वार जातो. 'बंद करा'चं 'बद करा' झालेलं मी पाहिलंय. त्यामागून रफार, मग उकार. टाइप जाड घ्या, ओळींत जागा सोडा. इंग्रजी मजकुराच्या चौकटीत मराठी कोंबलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो.

अनुवाद करणारी

आता असं केलंय :

'यंत्रावरील सूचना-लेबले सॉल्व्हंटसह असावीत. यंत्र पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉल्व्हंटने भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद चोळल्यावर मजकूर सहज वाचता यावा, लेबल सहज निघू नये व कडा वळू नयेत. कॉस्टिक उडण्याची शक्यता असलेल्या जागी खोदकाम केलेली स्टेनलेस स्टीलची पाटी बसवावी.'

आणि झाकणावरच्या पाटीवर : 'धोका. आत गरम कॉस्टिक. त्वचा व डोळे भाजतात. पंप बंद करून झाकण उघडावे.'

प्रतिसाद १

पहिल्याच वाक्यात 'सॉल्व्हंटसह' म्हणजे पुन्हा सॉल्व्हंटबरोबर. परक्या शब्दाचं सामान्यरूप तिथे दिसत नाही, काना मदतीला येत नाही. ते वाक्य काढाच, पुढचं एकटं पुरतं.

प्रतिसाद ३

पाटीवर 'उघडावे' नको. 'आधी पंप बंद करा. मग झाकण उघडा.' हात झाकणावर असतो तेव्हा पहिला शब्दच वाचला जातो.

अनुवाद करणारी

दोन्ही केलं. 'बंद'चा अनुस्वार जाड मागितलाय.