आइसमेकरच्या नळीची गळती ‘१४ दिवसांपेक्षा जुनी’ म्हणून क्लेम नाकारला: पुढे काय करावं?

नवा_परवाना_एफएल:

मंडळी, फ्लोरिडातला निवासी क्लेम आहे, पॉलिसी एचओ-३ (घरमालकांची नेहमीची विमा पॉलिसी). फ्रिजमागे आइसमेकरला जाणारी पाव इंची प्लॅस्टिकची नळी फुटली. खालचे कॅबिनेट, मागची भिंत आणि हॉलपर्यंत सलग गेलेलं लॅमिनेट फ्लोअरिंग भिजलं. कंपनीच्या इंजिनिअरने एकदाच येऊन ‘१४ किंवा अधिक दिवस सतत किंवा वारंवार झिरपणं’ असा निष्कर्ष दिला आणि त्या एका वाक्यावर क्लेम पूर्ण नाकारला गेला. घरमालकाने पब्लिक ॲडजस्टरशी (विमा कंपनीसमोर घरमालकाची बाजू मांडणारा परवानाधारक, इथे मी) करार केला तो त्यानंतर. तोवर ड्रायिंगवाल्यांनी (भिजलेलं घर सुकवून देणाऱ्यांनी) दोन फूट उंचीपर्यंत ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) कापून टाकलं होतं. फुटलेली नळी मात्र घरमालकाने ठेवली आहे.

अप्रेझल (दोन्ही बाजूंच्या अप्रेझरांकडून नुकसानीची रक्कम ठरवून घेणं) मागावं का? १४ दिवसांचा मुद्दा खोडायला काय गोळा करावं? आणि एस्टिमेटमध्ये काय काय धरणं रास्त ठरेल?

टँपा_पीए:

अप्रेझल आत्ता नको. ते रकमेच्या वादासाठी असतं. इथे कंपनी ‘हे कव्हरच नाही’ म्हणते आहे, आणि तो प्रश्न अप्रेझर सोडवू शकत नाहीत. पुढे कव्हरेज मान्य होऊन फक्त रकमेवर अडलं तर मागा. तेव्हाही स्वतः अप्रेझर होऊ नका. पॉलिसीत ‘हितसंबंध नसलेला अप्रेझर’ अशी अट असेल तर टक्केवारीवर फी घेणारा पब्लिक ॲडजस्टर त्यात बसत नाही, असं फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

पहिलं काम म्हणजे सगळ्या एन्डॉर्समेंटसकट (पॉलिसीला जोडलेल्या बदलांच्या कागदांसकट) पॉलिसीची प्रमाणित प्रत मागवणं. दोन गोष्टी शोधा. एक, पाण्याच्या नुकसानीवर १०,००० डॉलरची मर्यादा घालणारी एन्डॉर्समेंट आहे का. जुन्या घरांवर ती सर्रास लावलेली असते, आणि असली तर सगळा हिशोबच बदलतो. दोन, झिरपण्याच्या अपवादाचे नेमके शब्द. डिनायल लेटरमधला (क्लेम नाकारल्याच्या पत्रातला) उतारा पुरेसा धरू नका, त्यात अर्धं वाक्य गाळलेलं असू शकतं.

आता मुख्य मुद्दा. फ्लोरिडाच्या पाचव्या जिल्हा अपील न्यायालयाचा २०१८ चा निकाल आइसमेकरच्याच नळीचा आहे. त्या पॉलिसीत ‘१४ किंवा अधिक दिवसांच्या कालावधीत’ झिरपल्याने झालेलं नुकसान वगळलं होतं. न्यायालयाने म्हटलं, की पहिल्या १३ दिवसांतलं नुकसान या शब्दांनी स्पष्टपणे वगळलं जात नाही. म्हणजे इंजिनिअर खरा ठरला तरी पूर्ण डिनायल आपोआप टिकत नाही. मात्र तुमच्या पॉलिसीचे शब्द तेच आहेत का ते बघा. पहिल्या दिवसापासूनचं नुकसान वगळणारं वाक्य असेल तर या निकालाचा आधार कमजोर पडतो. पत्रात पॉलिसीचे शब्द आणि वस्तुस्थिती मांडून फेरविचार मागा. कायद्याचा अर्थ लावण्याचं काम वकिलाचं. तिथे पब्लिक ॲडजस्टरने शिरू नये, परवाना धोक्यात येतो.

तारखा पहिल्याच दिवशी फाइलच्या वर लिहा. फ्लोरिडाच्या कायद्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या बदलानंतर नवा किंवा पुन्हा उघडलेला क्लेम नुकसानीच्या तारखेपासून १ वर्षात आणि पूरक क्लेम (त्याच नुकसानीपोटी जादा रकमेचा) १८ महिन्यांत कळवावा लागतो. कंपनीने प्रूफ ऑफ लॉस (नुकसानीचं लेखी निवेदन) मागितलं असेल तर ६० दिवसांत शपथेवर द्या. त्यातली नुकसानीची तारीख आणि घरमालकाने फोनवर सांगितलेली तारीख जुळली पाहिजे. ‘बरेच दिवस जरा कुबट वास येत होता’ असं एक वाक्य रेकॉर्डेड स्टेटमेंटमध्ये गेलेलं असेल तर ते आधी ऐका, मगच पत्र लिहा.

ओलावा_मीटर:

वरच्या १३ दिवसांच्या मुद्द्याला पुराव्याची जोड हवी. ‘गळती १४ दिवसांची नाही’ एवढंच सिद्ध करत बसू नका. ‘हे नुकसान पहिल्या दोन-चार दिवसांतच पूर्ण झालेलं होतं’ हेही दाखवा. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) असतो. सांध्यातून पाणी शिरलं की तो एक-दोन दिवसांत फुगून कडा वर येतात आणि सुकल्यावरही बसत नाहीत. कॅबिनेटच्या पार्टिकलबोर्डचंही तेच. पाणी पुढे दहा दिवस वाहिलं तरी ती फळी दुसऱ्यांदा निकामी होत नाही.

आता इंजिनिअरचा अहवाल ओळीओळीने वाचा. बुरशी दिसली म्हणून गळती जुनी, हे टिकत नाही. भिजलेलं साहित्य २४ ते ४८ तासांत वाळवा असं ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) सांगते ते याचसाठी. खिळ्यांवरचा वरवरचा गंजही लवकर येतो. लाकूड खरोखर कुजायला मात्र आठवडे-महिने लागतात. उघड्या पडलेल्या स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांच्या) तळाशी अणकुचीदार टोचा दाबून बघा. टोक सहज रुतलं तर तो मुद्दा तुमच्या विरुद्ध जातो, आणि ते आधीच कळलेलं बरं. टणक असेल तर टोच्यासकट फोटो घ्या. एक सावधगिरी: स्लॅबवरच्या घरात खालची आडवी पट्टी प्रेशर-ट्रीटेड असते, ती सहजी कुजतच नाही. तिचा टणकपणा पुरावा म्हणून देऊ नका.

नळी हा सर्वांत बोलका तुकडा. ठिसूळ होऊन लांबीच्या दिशेने फाटलेली असेल आणि चिरेच्या कडा स्वच्छ असतील तर ते अचानक फुटणं. जोडाच्या नटाभोवती पांढरा-हिरवा क्षारांचा थर असेल तर थेंब-थेंब गळत होतं. पुसू नका, कापू नका, वाकवू नका. तारीख-वेळ लिहून पिशवीत सीलबंद करा, आणि कोणी कोणाकडे कधी दिली याची नोंद ठेवा. प्रयोगशाळेत द्यायची असेल तर एएसटीएम ई८६० (वादातल्या वस्तू तपासण्याचं मानक) प्रमाणे कंपनीला आधी कळवून, दोन्ही बाजूंसमोर.

ड्रायवॉल गेलं असलं तरी ड्रायिंगवाल्यांकडचे सगळे मूळ फोटो मागा, पीडीएफमधले छोटे नकोत. कापलेल्या ड्रायवॉलच्या मागच्या कागदावर एकात एक कड्यांसारखे डाग असतील तर ओलं-सुकं वारंवार झालंय. एकच कड असेल तर एकदाच भिजलंय. रोजचा ड्रायिंग लॉगही घ्या: तापमान, आर्द्रता, प्रत्येक जागेचं मीटर रीडिंग, आणि त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचं तुलनेचं रीडिंग. हे शेवटचं नसेल तर ‘सुकलं’ कशाच्या तुलनेत, हे सांगता येत नाही. थर्मल कॅमेऱ्याचा फोटो एकटा देऊ नका. तो तापमान दाखवतो, ओलावा नाही.

नवा_परवाना_एफएल:

पाण्याच्या बिलाचा उपयोग होईल का? गेल्या महिन्याचं बिल नेहमीएवढंच आहे.

ओलावा_मीटर:

नुसत्या बिलाचा फारसा नाही. एकक १,००० गॅलनचं असेल तर थोडी गळती त्यात दिसतही नाही. पाणीपुरवठा विभागाकडे स्मार्ट मीटर असेल तर घरमालकाच्या सहीने तासातासाची नोंद मागवा. रात्री २ ते ४ मधले आकडे बघा. सगळे झोपलेले असताना वापर रोज शून्यावर येत होता आणि एका रात्रीपासून तो यायचा थांबला, तर गळतीची तारीख हातात आली. हा कागद इंजिनिअरच्या अंदाजापेक्षा वजनदार. पण नोंद उलट निघाली तर दावा त्याप्रमाणे बदला, लपवू नका.

एस्टिमेट_ऑर्लँडो:

एस्टिमेट एक्झॅक्टिमेटमध्ये (विमा दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर), नुकसानीच्या महिन्याच्या आणि त्या भागाच्या प्राइस लिस्टवर करा. फुटलेली नळी त्यात घालू नका, ती कव्हर नसते. ती एक ओळ घातली की सगळ्या एस्टिमेटकडे संशयाने बघतात.

खरे पैसे सुटतात ते कॅबिनेटच्या कामात. खालचे कॅबिनेट बदलायचे तर काउंटरटॉप उतरवावा लागतो, म्हणजे सिंक, नळ आणि डिशवॉशर काढून पुन्हा बसवणं आलं. बॅकस्प्लॅशच्या (काउंटरमागच्या भिंतीच्या) टाइल काउंटरवर टेकलेल्या असतात, उतरवताना खालची ओळ फुटते. दगडाचा काउंटर सिंकच्या कापाजवळ तडकण्याचा धोका आहे, म्हणून फॅब्रिकेटरचं (दगड कापून बसवणाऱ्याचं) लेखी मत जोडा. वरच्या कॅबिनेटचा रंग-ढंग नव्याशी जुळत नसेल तर फ्लोरिडाचं कलम ६२६.९७४४ बघा. पॉलिसीत वेगळं काही नसेल तर लगतच्या भागात रास्त एकसारखेपणा येईल इतकी दुरुस्ती त्यात अपेक्षित आहे. सलग लॅमिनेटलाही तेच लागू. मधे ट्रान्झिशन स्ट्रिप (दोन खोल्यांची जमीन तोडणारी पट्टी) नाही हे दाखवणारा, दारातून घेतलेला एक फोटो हवाच. काही पॉलिसींत अशा मॅचिंगवर (जुनं-नवं जुळवण्याच्या खर्चावर) मर्यादा असते, तीही तपासा.

ड्रायिंगचं बिल आंधळेपणाने जोडू नका. आयआयसीआरसी एस५०० (पाण्याचं नुकसान सुकवण्याचं मानक) चा साधा हिशोब: खोलीला एक एअर मूव्हर (सुकवण्याचा जोरदार पंखा), अधिक भिजलेल्या जमिनीच्या दर ५० ते ७० चौरस फुटांना एक. एकाच खोलीत २०० चौरस फूट भिजले असतील तर ४ किंवा ५. बिलात ११ असतील तर आधी ड्रायिंगवाल्यांकडून खुलासा घ्या. तातडीच्या कामावर पॉलिसीत वेगळी मर्यादा असते, ३,००० डॉलरचा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यापलीकडे कंपनीची परवानगी घेतली होती का, ते विचारा. घर १९७८ पूर्वीचं असेल तर शिसेयुक्त रंगाच्या नियमांप्रमाणे कामाचा खर्चही धरावा लागेल.

घरमालकाला आत्ताच सांगून ठेवा, की मान्य झालं तरी सुरुवातीला घसारा आणि डिडक्टिबल (घरमालकाने स्वतः सोसायची रक्कम) वजा करूनच पैसे येतील, उरलेले काम होईल तसे. चेकवर मॉर्टगेज कंपनीचं नाव असतं, तेव्हा त्यांच्या लॉस ड्राफ्ट विभागाचे (विम्याचे चेक हाताळणाऱ्या विभागाचे) फॉर्म लवकर मागवा.

टँपा_पीए:

फीबद्दल एक राहिलं. आणीबाणी जाहीर नसलेल्या अशा क्लेमला फ्लोरिडात कमाल २० टक्के, आणि घरमालकाला सहीनंतर १० दिवसांत करार रद्द करता येतो. कराराची प्रत कंपनीला गेली नसेल तर फेरविचाराच्या पत्राआधी ती पाठवा.