चोर्ला घाट, पणजीची गर्दी आणि आईचे गुडघे: क्रेटा डिझेल की ग्रँड विटारा हायब्रीड?

फोंड्याहून

आमची बारा वर्षांची हॅचबॅक आता थकली आहे. घरात आम्ही पाच माणसं: आई-बाबा, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. जुन्या गाडीत बसताना तिला जवळजवळ खाली कोसळावं लागतं आणि उठताना दोघांनी धरावं लागतं. ते पाहवत नाही. गाडी बदलायची ती मुख्यतः यासाठी.

रोजचं जाणं फोंडा-पणजी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. महिन्यातून एकदा चोर्ल्यामार्गे बेळगाव, कारण बहीण तिथे असते. माझ्या हिशेबात महिन्याला १५०० किलोमीटर होतात.

पाहून पाहून दोनच उरल्या: ह्युंदाई क्रेटा, डिझेल, आणि मारुती ग्रँड विटारा, स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरही चालणारी. लांबी जवळपास सारखीच, ४३३० आणि ४३४५ मिलिमीटर. ताकदही कागदावर सारखी, दोन्हींची ११६ पीएस. जमिनीपासूनची उंची क्रेटाची १९०, विटाराची २१०. जीएसटीचाही फरक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल, डिझेल आणि हायब्रीड गाड्यांवर ४० टक्केच लागतो. म्हणजे कागद वाचून निर्णय होत नाही. बाबा डिझेलवर ठाम, मुलगी हायब्रीडवर, आणि आई म्हणते मला चढता-उतरता येईल ती घ्या.

ज्यांनी या दोन प्रकारांतली एखादी गोव्यात, आपल्या पावसात आणि आपल्या रस्त्यांवर चालवली आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा. मायलेज सांगाल तर कुठल्या रस्त्यावरचं तेही सांगा.

पर्वरीहून

हायब्रीड, दोन वर्षं, २६ हजार किलोमीटर. माझं रोजचं पर्वरी ते पणजी आणि आठवड्यातून दोनदा वेर्णा. उड्डाणपुलाच्या कामामुळे पर्वरीत सकाळी गाडी चालत नाही, सरकते. अशा सरकण्यात इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं, गाडी बॅटरीवर पुढे जाते. आत बसलेल्याला फक्त एसीचा आवाज. गर्दी वाढली की माझं मायलेज वाढतं, हे समजायला मलाच महिना लागला. शहरात लिटरला २२ ते २४ किलोमीटर पडतं. कंपनीचा चाचणीतला आकडा २७.९७ आहे, तो मी कधी पाहिला नाही, पण तक्रारही नाही.

अजूनही शेजारी विचारतात, रात्री चार्जिंगला लावता का? लावायची नसते. ब्रेक मारताना आणि उतारावर ती स्वतःच भरून घेते. बॅटरी अगदी लहान, विजेच्या एका युनिटपेक्षाही कमी. तिच्यावर आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे ती भीती मी मनातून काढून टाकली.

फोंडेकर, एका गोष्टीत मात्र स्पष्ट सांगतो. चढावर पाच माणसं आणि सामान घेऊन गेलात की इंजिनाचा आवाज एकाच उंच सुरात येत राहतो. हायब्रीडच्या ई-सीव्हीटीची, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरची, ती पद्धतच आहे, बिघाड नव्हे. पण आईंना आधी ऐकवा. हवं तर येत्या रविवारी माझी गाडी घेऊन येतो, चोर्ल्याच्या पायथ्याच्या केरीपासून वर घाटात जाऊन येऊ.

साखळीहून

मी शाळेत शिकवते. माहेर बेळगावचं, त्यामुळे चोर्ला घाट मला घराच्या जिन्यासारखा पाठ आहे. डिझेल क्रेटा २०२१ पासून, मॅन्युअल गिअरची.

जुलैत एकदा वडिलांची तब्येत बिघडल्याचा फोन आला. रात्री साडेनऊला निघालो. मी, मिस्टर, सासूबाई, दोन मुलं. केरी सोडलं आणि धुकं असं उतरलं की पुढची पांढरी पट्टी दोन गाडीलांबीपलीकडे दिसेना. वरून पाऊस. त्यात एका वळणावर समोरून ट्रक मधोमध आला आणि मला चढावरच पूर्ण थांबावं लागलं. पुन्हा निघताना पाच माणसांचं ओझं घेऊन गाडी पहिल्या गिअरमध्ये शांतपणे उचलली गेली. क्लच जाळावा लागला नाही, इंजिनाला ओरडावं लागलं नाही. डिझेलचा २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, हा आकडा मी तोपर्यंत फक्त पत्रकात वाचला होता. त्या रात्री तो पायाखाली जाणवला. घाटावरच्या कणकुंबीला पोचलो तेव्हा सासूबाई झोपलेल्या होत्या. वडील आता बरे आहेत.

घाटात जाऊन-येऊन मला १७ पडतं, सपाटीला हायवेवर २० च्या आसपास. पणजीत शिरले की तेच १३-१४ वर येतं. तुम्ही रोज पणजीला जाणार, हे विसरू नका.

आणि उताराबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना डिझेल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर स्वतःला धरून ठेवते, ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. हायब्रीडवाल्यांनी सांगावं त्यांचं काय होतं.

पर्वरीहून, पुन्हा

बाई, हायब्रीडला गिअरमध्ये 'बी' असतो, तो उतारासाठीच. त्यात टाकली की गाडी स्वतःला ओढून धरते आणि बॅटरी भरते. लांब उतारावर बॅटरी लवकर भरून जाते. मग इंजिन फिरवून गाडी धरली जाते, तेव्हा आवाज वाढतो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. ब्रेक तापले नाहीत, हे खरं.

मडगावहून

आमच्याकडे वडिलांची चाकांची खुर्ची आहे. ती घडी घालूनही जाड राहते. शोरूमला जाताना खुर्ची जुन्या गाडीत घालून घेऊन गेलो आणि प्रत्येक डिकीत ठेवून पाहिली. विक्रेता मुलगा आधी गोंधळला, मग स्वतःच उचलायला लागला.

क्रेटाची डिकी ४३३ लिटरची. विटाराच्या साध्या पेट्रोलची ३७३. स्ट्राँग हायब्रीडमध्ये बॅटरी मागे, डिकीखाली असते, म्हणून ती २६५ वर येते. २६५ म्हणजे चांगल्या हॅचबॅकएवढी. आमची खुर्ची त्यात आडवी राहिली, पण मग बाकी सामानाला जागा नव्हती. आमचा निर्णय तिथेच झाला. खुर्ची नसती तर मी हायब्रीडच घेतली असती.

तुमच्या आई वॉकर वापरत असतील तर तो घेऊन जा. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान, नारळ, केळीचे घड आणि बहिणीकडच्या पिशव्या आणता ना? त्या सगळ्यासकट विचार करा.

डिचोलीहून

डिझेल घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. गाडीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या नव्या डिझेलला होऊ शकतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. ती जाळी स्वतः साफ होते, पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी बराच वेळ एका वेगात पळायला हवी.

माझं जाणं घर ते दुकान, तीन किलोमीटर. वर्षभरात समोर जाळी तुंबल्याचा दिवा लागला. कार्यशाळेत नेली, त्यांनी साफ केली, चार महिन्यांनी पुन्हा लागला. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं, भाऊ, हिला आठवड्यातून एकदा पेडण्यापर्यंत पळवून आणा. तेव्हापासून दर रविवारी देवाला जाणं ठरवून टाकलं. दिवा लागला नाही. पण माझ्यासारख्याने डिझेल घ्यायलाच नको होती.

म्हापशाहून

दोन्ही घेतल्या नाहीत. आमच्या वाड्यात जायची वाट दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाते. मोजली तर सर्वांत अरुंद जागी जेमतेम दोन मीटर. या दोन्ही गाड्यांची रुंदी १७९० मिलिमीटरच्या आसपास, आणि ती आरसे सोडून. रोज आरसे मिटून, श्वास रोखून घरी यायचं? चार मीटरच्या आतली लहान पेट्रोल एसयूव्ही घेतली. १२०० सीसीपर्यंतच्या अशा पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे पैसेही बरेच वाचले. बुकिंगआधी गेट आणि वाट टेपने मोजा.

दिवाडीहून

फेरीबोटीत गाडी चढवावी लागते त्यांनी जमिनीपासूनची उंची खरोखर पाहावी. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि बोटीच्या फळीला पुढचा बंपर घासतो. एसयूव्ही घेतल्यापासून ते बंद झालं. १९० आणि २१० मधला फरक मला तरी तिथे कळला नसता, दोन्ही निघतात.

वास्कोहून

खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याचे दोन शब्द. माझ्या आधीच्या गाडीला सहाव्या वर्षी खालून गंज आला. आता पावसाळा संपला की खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घेतो आणि कार्यशाळेत लिफ्टवर चढवून स्वतः वाकून पाहतो.

मोठ्या सनरूफबद्दल. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. आंब्या-फणसाखाली गाडी उभी करत असाल तर पानांचा चुरा त्यात अडकतो आणि पाणी छताच्या कापडातून आत येतं. जूनआधी त्या साफ करून घ्या. झाडाखालीच उभी करायची असेल तर मी म्हणेन सनरूफ नसलेली घ्या.

उंदरांचंही तेच. पावसात ते ऊब शोधत बॉनेटमध्ये येतात आणि वायर कुरतडतात. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहायची सवय लावली, त्यानंतर एकच वायर गेली.

पेडण्याहून

खरेदीच्या वेळचं सांगते. एका शोरूममध्ये आम्हाला सांगितलं की विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर गाडीची तारीख पुढे जाईल. आम्ही दोघं नोकरी करणारे, कागदपत्रांची माहिती कमी, मान्य केलं. नंतर बाहेर चौकशी केली तर तेच संरक्षण खूप कमी पैशांत मिळत होतं. आजही ते मनाला लागतं. विमा कुठूनही घेता येतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे, १ सप्टेंबर २०१८ पासून. बाकीचा, आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेतला तरी चालतो.

त्यात इंजिन संरक्षण जरूर घ्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी पणजीतल्या 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यात बंद पडली. त्यांनी पुन्हा चावी मारली. इंजिनात पाणी शिरलं आणि आतला रॉड वाकला. साध्या विम्यात असं नुकसान सहसा धरत नाहीत. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा आणि ओढून न्या.

गाडी ताब्यात घेण्याआधी पाटीवरचा उत्पादनाचा महिना पाहा. दिवसाउजेडी पाहा, पावसात रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत.

फोंड्याहून, पुन्हा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पर्वरीचे दादा खरंच रविवारी गाडी घेऊन आले, त्यांचे आभार कसे मानू? आम्ही पाचही जण बसलो. केरीपर्यंत मुलगी खूश होती, गाडी खरोखर निःशब्द चालते. घाटात तो उंच सूर लागला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आई मात्र म्हणाली, मला काही वाटत नाही. पुढच्या शनिवारी साखळीच्या बाईंनी त्यांची डिझेल दिली आणि त्याच घाटात गेलो. दोन्ही गाड्यांत आई स्वतः बसली, स्वतः उतरली, एका हाताने दारावरची मूठ धरून. हे पाहिल्यावर माझं अर्धं ओझं उतरलं.

मग हिशेब केला. पेट्रोल ९७ आणि डिझेल ८८ रुपये धरलं. हायब्रीड २२ ने १५०० किलोमीटरला साधारण ६६०० रुपये, डिझेल १७ ने साधारण ७८००. म्हणजे डिझेलला वर्षाला १४ हजारांच्या आसपास जास्त. हा फरक लहान नाही आणि मी तो लपवणार नाही.

तरीही क्रेटा डिझेल बुक केली. मडगावच्या भाऊंचा सल्ला मानून आईचा वॉकर, दोन बॅगा आणि नारळांचं एक पोतं घेऊन शोरूमला गेलो होतो. हायब्रीडच्या डिकीत ते सगळं मावलं नसतं, पोतं मुलीच्या पायाशी ठेवावं लागलं असतं. डिचोलीच्या भाऊंनी जाळीबद्दल लिहिलं ते वाचून थबकलो होतो. पण माझं रोजचं तीस किलोमीटरचं सलग पळणं त्या जाळीला पुरेल, असं दोन मेकॅनिकांनी सांगितलं. घराच्या दारात फणस आहे, म्हणून सनरूफ नसलेली निवडली. मुलगी दोन दिवस बोलली नाही. गेट मोजलं, २४०० मिलिमीटर आहे. विमा बाहेरून घेतो आहे, इंजिन संरक्षणासकट.

पर्वरीहून

तुमच्या फेऱ्यांना डिझेलच बरोबर. माझं जाणं पर्वरीतलं, मी हायब्रीड बदलणार नाही. मुलीला सांगा, रविवारी कधीही या, केरीपर्यंत तिला पुढे बसवून नेतो.

साखळीहून

पहिल्या बेळगाव फेरीआधी केरीला थांबून चहा घ्या आणि टायरची हवा पाहा. पाच माणसं आणि सामान असेल तर दाराच्या कडेच्या पाटीवर भरलेल्या गाडीसाठीचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो भरा. धुकं असेल तर हेडलाइटचा झोत खाली (लो बीम) ठेवा, वरचा झोत (हाय बीम) लावू नका, समोर भिंत उभी राहते. आणि येताना कणकुंबीहून उजेड असतानाच निघा.