कामाच्या मेलमध्ये 'हॅव सेंट', 'सेंट' की 'अ‍ॅम सेंडिंग'?

मसुदा_पक्का

इंग्रजी वर्तमानकाळाचे चार प्रकार पाठ आहेत, पण मेल लिहायला बसलं की कुठे कोणता वापरायचा ते कळत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो छापाची उदाहरणं इथे काही कामाची नाहीत. ही वाक्यं रोजच्या मेलमधली:

१. आय हॅव सेंट द रिवाइज्ड कोटेशन यस्टरडे.
२. वी आर वर्किंग ऑन धिस इश्यू सिन्स मंडे.
३. आय अ‍ॅम हॅविंग टू डाउट्स अबाउट क्लॉज फोर.
४. वन्स यू विल कन्फर्म, वी विल डिस्पॅच द गुड्स.
५. द पेमेंट इज पेंडिंग सिन्स लास्ट वीक.

यात काय चुकतंय आणि का? शिवाय शेवटी 'वी लुक फॉरवर्ड' लिहायचं की 'वी आर लुकिंग फॉरवर्ड'?

काळवेळ

पाचही दुरुस्त करावी लागतील. बहुतेक ठिकाणी मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरलंय.

१ मध्ये घोळ 'यस्टरडे'चा. 'मी काल कोटेशन पाठवलं आहे' हे मराठीत बिनदिक्कत चालतं. इंग्रजीतलं 'हॅव सेंट' मात्र एवढंच सांगतं की काम झालंय आणि त्याचा परिणाम आत्ता समोर आहे. कधी झालं ते त्यात बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, ऑन फ्रायडे, टू डेज अगो अशी सरलेली वेळ लिहिलीत की साधा भूतकाळ: 'आय सेंट द रिवाइज्ड कोटेशन यस्टरडे.' नाहीतर वेळ काढून टाका: 'आय हॅव सेंट द रिवाइज्ड कोटेशन.' दोन्ही बरोबर. तारीख नोंदवून ठेवायची असेल तर पहिलं, 'आमच्याकडून झालं, आता तुम्ही बघा' असं सुचवायचं असेल तर दुसरं.

'धिस वीक', 'धिस मंथ' अजून सरलेले नसतात, म्हणून 'वी हॅव रिसीव्ड फॉर्टी ऑर्डर्स धिस मंथ' चालतं. 'धिस मॉर्निंग'ची गंमत बघा: सकाळी ११ला लिहिताय तर 'आय हॅव कॉल्ड देम ट्वाइस धिस मॉर्निंग', तेच दुपारी ४ला लिहिताना 'आय कॉल्ड देम ट्वाइस धिस मॉर्निंग'.

२ आणि ५ ची चूक एकच. 'सोमवारपासून करतोय' म्हणताना मराठीला चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला 'हॅव' किंवा 'हॅज' लागतंच: 'वी हॅव बीन वर्किंग ऑन धिस इश्यू सिन्स मंडे', 'द पेमेंट हॅज बीन पेंडिंग सिन्स लास्ट वीक'. 'सिन्स'पुढे सुरुवात कधी झाली ते येतं, 'फॉर'पुढे किती काळ ते. म्हणजे 'सिन्स मंडे', पण 'फॉर थ्री डेज'. 'सिन्स थ्री डेज' नाही. आणि किती काम झालं तो आकडा द्यायचा असेल तर 'बीन टेस्टिंग' टाळा. 'वी हॅव टेस्टेड सिक्स मॉड्यूल्स' म्हणजे सहा हातावेगळे झाले. 'वी हॅव बीन टेस्टिंग सिक्स मॉड्यूल्स' वाचून सहाही अर्धवट आहेत असं वाटतं.

३: 'असणे' या अर्थाचं 'हॅव' चालू काळात जात नाही. नीड, वाँट, नो, अंडरस्टँड, बिलाँग, डिपेंड यांचंही तेच. आणि 'डाउट' म्हटलं की परदेशी वाचकाला तुमचा त्या कलमावर विश्वास नाही असं वाटू शकतं. 'आय हॅव टू क्वेश्चन्स अबाउट क्लॉज फोर' लिहा.

४: 'तुम्ही कळवाल तेव्हा' मधला भविष्यकाळ 'विल'ला ओढून आणतो. वन्स, व्हेन, अनटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्यापुढच्या भागात साधा वर्तमानकाळ, 'विल' फक्त दुसऱ्या भागात: 'वन्स यू कन्फर्म, वी विल डिस्पॅच द गुड्स.'

'लुक फॉरवर्ड'ची दोन्ही रूपं चालतात. पहिलं औपचारिक, दुसरं जरा मोकळं. पुढे 'टू हिअरिंग' हवं, 'टू हिअर' नाही.

तिरकी_रेघ

वरचं पटलं, एक पुरवणी. कन्फर्म, रिग्रेट, अग्री, अपॉलजाइज या क्रियापदांत लिहिणं हीच कृती असते, म्हणून साधा वर्तमानकाळ. 'वी कन्फर्म रिसीट ऑफ युअर ऑर्डर' म्हटलं की पोच दिली गेली. 'वी आर कन्फर्मिंग' लिहिलंत तर ती अजून द्यायची आहे की काय असं वाटतं. मेल कशासाठी लिहिताय ते सांगताना मात्र 'आय अ‍ॅम रायटिंग टू...' हेच रुळलेलं आहे.

आणि 'ऑलवेज' चालू काळात घालताना जपून. 'यू आर ऑलवेज सेंडिंग द रॉंग व्हर्जन' हे सरळ भांडण आहे. 'द लास्ट टू फाइल्स वेअर ओल्ड व्हर्जन्स' एवढं पुरे.

मसुदा_पक्का

धन्यवाद दोघांनाही. मग 'वी आर हॅविंग अ कॉल अ‍ॅट थ्री' पण चूक? आणि अमेरिकन क्लायंट 'आय जस्ट सेंट इट' लिहितात, 'हॅव' कुठे गेलं?

काळवेळ

'वी आर हॅविंग अ कॉल' बरोबर आहे. इथे 'हॅव' म्हणजे कॉल 'करणं', जवळ असणं नव्हे. शिवाय ठरलेल्या भेटीगाठींसाठी चालू काळच वापरतात: 'वी आर मीटिंग द ऑडिटर्स ऑन ट्यूजडे.' वेळापत्रकातली वेळ असेल तर साधा: 'द ट्रेनिंग स्टार्ट्स अ‍ॅट नाइन.'

जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर अमेरिकन लोक साधा भूतकाळ सर्रास वापरतात, ब्रिटिश वळणात 'आय हॅव जस्ट सेंट इट'. समोरच्याला दोन्ही कळतं. एका मेलमध्ये दोन्ही वळणं मिसळू नका, बस.

खर्डेघाशी

रोजच्या स्टेटस मेलसाठी ढोबळ साचा: झालेली कामं 'हॅव'ने (वी हॅव क्लोज्ड टिकेट्स वन टू फोर), हातात असलेली चालू काळात (वी आर टेस्टिंग द पॅच), अडलेली साध्या काळात (वी नीड अ‍ॅक्सेस टू द सर्व्हर). झालेल्या कामाच्या ओळीत तारीख आली की ती ओळ भूतकाळात न्या. मेल पाठवण्याआधी 'सिन्स' आणि 'यस्टरडे' हे दोन शब्द शोधून त्यांच्या आधीचं क्रियापद तपासा, निम्म्या चुका तिथेच सापडतात.